कानामागची बॅटरी आणि चार्कोची थरथरती खुर्ची

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

आजची गोष्ट एका खुर्चीपासून सुरू होते. साल १८९२, गाव पॅरिस, आणि जागा साल्पेत्रिएर नावाचं अवाढव्य हॉस्पिटल. तिथे झाँ-मार्तँ चार्को नावाचे डॉक्टर होते. आज ज्याला आपण न्यूरॉलॉजी म्हणतो, ती शाखा उभी करणाऱ्यांत त्यांचं नाव अगदी वर येतं. 'पार्किन्सनचा आजार' हे नावसुद्धा त्यांनीच रूढ केलं. जेम्स पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर. त्याने १८१७ मध्ये या कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यात रुग्ण किती? सहा. त्यातले काही तर त्याला रस्त्यात चालताना दिसलेले. आजच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल साइझ सहा, आणि त्यातही काही लांबून बघितलेले. तरी त्याने केलेलं वर्णन इतकं नेमकं होतं की चार्कोंनी पुढे आजाराला त्याचंच नाव दिलं.

तर चार्कोंच्या पेशंटांनी त्यांना एक गंमत सांगितली. लांबचा रेल्वेप्रवास झाला, किंवा घोडागाडीत बराच वेळ धक्के खाल्ले, की अंग मोकळं वाटतं. प्रवासाने आपण दमतो, ही मंडळी उलट हलकी होऊन उतरायची. आणि ही १८९० च्या आसपासची रेल्वे आहे बरं का, आजची वंदे भारत नाही. दात वाजवणारी गाडी.

चार्कोंच्या जागी दुसरा कोणी असता तर 'असेल काहीतरी' म्हणून पुढे गेला असता. यांनी खुर्ची बनवून घेतली. विजेच्या मोटरवर चालणारी, बसलेल्या माणसाला सतत गदगदा हलवणारी. धडधाकट माणसाला त्यात बसणं म्हणजे शिक्षाच. पार्किन्सन्सचे पेशंट मात्र अर्धा तास बसून उठले की म्हणायचे, आखडलेपणा कमी झाला, झोपही बरी लागते. त्यांचा शिष्य जिल द ला तुरेत (टुरेट सिंड्रोमवाला तोच) याने पुढे डोक्यावर घालायचं थरथरतं हेल्मेट काढलं. आणि १८९३ च्या ऑगस्टमध्ये चार्को वारले. खुर्चीचा अभ्यास तिथेच अडला.

आता हे सगळं मी का सांगतोय? मी हा एपिसोड इटियाडोहला बसून रेकॉर्ड करतोय. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, गाढवी नदीवरचं धरण. (नाव ऐकून हसू नका, नदी देखणी आहे.) जॉब पुण्याचा आणि वर्क फ्रॉम होम इथून, असं माझं गेले काही महिने चाललंय. कारण माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांना पार्किन्सन्स आहे. आणि आबा काळीपिवळीत बसून अर्जुनीच्या बाजाराला जाऊन आले की संध्याकाळी म्हणतात, "आज पाय मोकळे वाटून राह्यले गा."

मी चार्कोंची खुर्ची वाचली तेव्हा माझ्या डोक्यात थेट काळीपिवळी आली. दहा माणसं कोंबलेली जीप आणि आमचा रस्ता. चार्कोंना मोटर लावावी लागली, आमच्याकडे ते काम खड्डे करतात.

पण मी इंजिनिअर आहे, त्यामुळे दुसऱ्याच मिनिटाला वाटलं की थांब, यात व्हेरिएबल किती आहेत ते मोज. बाजाराच्या दिवशी आबा लवकर उठतात, गोळी उपाशीपोटी घेतात. आणि लेवोडोपाची गोळी उपाशीपोटी चांगली शोषली जाते, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. म्हणजे मोकळेपणा गोळीचाही असू शकतो. मग बाजारात त्यांचे दोस्त भेटतात, चहा होतो, धानाच्या भावावर वाद होतो. म्हणजे तो मोकळेपणा आनंदाचाही असू शकतो. आणि तिसरं, गदगदा हलणं. या तिघांपैकी कोण? चार्कोंच्या खुर्चीलाही हाच प्रश्न होता. पेशंटला खुर्चीने बरं वाटलं, की युरोपातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरने स्वतः लक्ष घातलं म्हणून?

याचं उत्तर शोधायला लोकांनी एकशेवीस वर्षं घेतली. २०१२ मध्ये शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी चार्कोंचा प्रयोग पुन्हा केला. एका गटाला थरथरणारी खुर्ची आणि सोबत शांत आवाज. दुसऱ्या गटाला तशीच खुर्ची, तेच आवाज, पण थरथर बंद. रोज अर्धा तास, महिनाभर. निकाल काय? दोन्ही गट सुधारले. आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही.

इथे बरेच जण म्हणतील, 'म्हणजे सगळं मनाचे खेळ.' थांबा. पार्किन्सन्समध्ये हे वाक्य इतकं सोपं नाही. या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 'सायन्स' मासिकात एक अभ्यास छापला. पार्किन्सन्सच्या रुग्णांना खोटं औषध दिलं आणि मेंदूचं पेट स्कॅन केलं. 'आता बरं वाटेल' या नुसत्या अपेक्षेने त्यांच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटलं. म्हणजे ज्या रसायनाची कमतरता, तेच रसायन आशेनेही थोडं बाहेर येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून बंधाऱ्यावर चक्कर मारून आलो. कारण याचा अर्थ असा की कुठलंही नवं यंत्र, बेल्ट, तेल किंवा बाबा आला की पार्किन्सन्सच्या पेशंटला काही दिवस खरोखर बरं वाटू शकतं. तो खोटं बोलत नसतो. पण त्यावरून यंत्र चालतं हेही सिद्ध होत नाही.

ही गाठ डोक्यात ठेवा आणि आता कानाकडे या.

तुमच्या कानात आत्ता कदाचित इअरफोन असेल. त्याच्या थोडं आत, कवटीच्या कठीण हाडात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच दुसरं एक मशीन आहे. तीन अर्धगोल नळ्या, एकमेकींशी काटकोनात, आत द्रव भरलेल्या. मान वळवली की द्रव मागे राहतो आणि केसांसारख्या बारीक पेशी वाकतात. शेजारी दोन पिशव्या, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे, म्हणजे आपल्या चुन्याच्याच जातीचे. खाली कुठे आणि वर कुठे ते हे खडे सांगतात. तुमच्या फोनमध्ये जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर आहे ना? फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो तो ज्यामुळे? तेच हे. फक्त काही कोटी वर्षं जुनं.

या मशीनला विजेचा झटका देणारा पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा. व्होल्ट त्याच्याच नावाचा. १८०० साली त्याने बॅटरी बनवली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून मी बॅटरी जोडली. डोक्यात हादरा बसला आणि मग काहीतरी घट्ट पदार्थ रटरटतोय असा आवाज आला. आपल्याकडे उन्हाळ्यात आंबील शिजते तसा असावा. प्रयोग पुन्हा करायची त्याची हिंमत झाली नाही. शहाणा माणूस.

पुढे १८२० मध्ये पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवलं की डोक्यातून वीज गेली की चक्कर येते. त्याच दशकात फ्रान्सच्या फ्लूराँसने कबुतरांच्या कानातल्या नळ्या कापून पाहिल्या, आणि कबुतरं भिरभिरायला लागली. बिचारी. आणि मग व्हिएन्नाचा रॉबर्ट बाराणी. हा कानाचा डॉक्टर पेशंटचे कान पाण्याने धुवायचा. कोणी तक्रार करायचं, डॉक्टर पाणी गार आहे, चक्कर येते. दुसऱ्या वेळी तक्रार, पाणी गरम आहे, चक्कर येते. बाराणीच्या लक्षात आलं की गार पाण्याने डोळे एका दिशेला फडफडतात आणि गरम पाण्याने उलट दिशेला. आतला द्रव तापला की वर चढतो, निवला की खाली जातो, आणि मेंदूला वाटतं डोकं फिरलं. नुसत्या पाण्याच्या तापमानाने कानाच्या आतलं मशीन हलवता येतं! यासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी कळली तेव्हा तो रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केली म्हणून १९१६ मध्ये सुटला.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दोन चाव्या हातात होत्या. कानामागे थोडी वीज, किंवा कानात थोडं तापमान. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात. तोलाची नस तिथून मेंदूच्या मुळाशी जाते, आणि तिथून तिचे धागे हालचाल चालवणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतात.

मग पार्किन्सन्सवर हे लगेच का कोणी वापरलं नाही? कारण औषध सापडलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या आर्विद कार्लसनने डोपामिनचं काम दाखवलं, १९६१ मध्ये व्हिएन्नातच (हो, बाराणीच्याच गावात) लेवोडोपा पहिल्यांदा रुग्णांना टोचलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कॉटझियासने ते तोंडाने मोठ्या डोसमध्ये देऊन दाखवलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. आजही आबांच्या डबीतली मुख्य गोळी तीच.

पण लेवोडोपा सगळं करत नाही. आखडणं, मंदपणा यावर ती चांगली. तोल जाणं, दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, मागे कोलमडणं, इथे आजार वाढेल तशी ती कमी पडते. आणि घरच्या लोकांची झोप उडते ती यानेच. हात थरथरला तर चहा सांडतो. रात्री लघवीला उठताना पडले तर खुब्याचं हाड जातं, आणि त्यानंतरची कहाणी तुम्ही गावोगावी ऐकली असेल. आमच्यासाठी मोठं हॉस्पिटल म्हणजे नागपूर, इथून सव्वाशे किलोमीटरच्या वर. मेंदूत तारा घालायची डीबीएस सर्जरी आहे, पण तिचा खर्च लाखांत, आणि ती सगळ्यांना करतही नाहीत. म्हणून कानाकडे लोक परत वळले.

२००५ मध्ये टोकियोच्या यामामोतो आणि सहकाऱ्यांनी कानामागे इलेक्ट्रोड लावून अगदी हलका, अनियमित प्रवाह दिला. अनियमित म्हणजे अक्षरशः नॉइज, खरखर. आणि पार्किन्सन्ससारख्या आजारांच्या रुग्णांच्या हालचालींचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. खरखरीने कसं काय सुधारेल? आम्ही इंजिनिअर लोक आयुष्यभर नॉइज काढायला धडपडतो. हे समजायला आमच्या बांधीत या. धानाच्या बांधीत पाणी धुऱ्याच्या दोन बोटं खाली आहे. शांत असेल तर एक थेंब पलीकडे जात नाही. वारा सुटला, लहानशा लाटा उठल्या, की पाणी धुऱ्यावरून सांडायला लागतं. पाणी वाढलं नाही, फक्त हललं. क्षीण सिग्नलमध्ये योग्य मापाची खरखर मिसळली की तो उंबरठा ओलांडतो. शास्त्रात याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. खरखर जास्त झाली तर मात्र धुराच फुटतो.

२०१५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये मोजक्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि तोलात थोडी सुधारणा दिसली. आणि २०१९ मध्ये इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या डेव्हिड विल्किन्सन यांच्या गटाने बाराणीची चावी वापरली. हेडफोनसारखं यंत्र, कानात पाणी नाही, पण कानाची वाट आलटून पालटून तापवणारं आणि थंड करणारं. रुग्णांनी घरीच दिवसातून दोनदा, आठ आठवडे वापरलं. गोळ्या चालूच होत्या. खरं यंत्र वापरणारे नकली यंत्रवाल्यांपेक्षा जास्त सुधारले, हालचालीतही आणि इतर तक्रारींतही. रुग्ण तीसेक. अभ्यासात यंत्र बनवणारी कंपनीही सामील होती. मी हे वाईट म्हणून सांगत नाही, यंत्र कोणीतरी बनवणारच. पण वाचताना माहीत असावं.

आता रश युनिव्हर्सिटीची खुर्ची आठवा. खुर्ची हलते की नाही ते बसणाऱ्याला कळतंच, त्यामुळे आशेला वेगळं काढणं अवघड. कानामागची खरखर मात्र इतकी हलकी ठेवता येते की माणसाला ती जाणवतच नाही. चालू की बंद, त्याला पत्ता नाही. मला या सगळ्या संशोधनातली सगळ्यात आशादायक गोष्ट हीच वाटते. चार्कोंचा प्रश्न इथे प्रामाणिकपणे विचारता येतो. फक्त तो तीस नाही, काहीशे रुग्णांवर, वर्षभर विचारायला हवा.

आणि आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या काकांनी फोनवर एक व्हिडिओ बघितला. कानामागे दोन पॅच, एक बॅटरी, आजोबा चालायला लागले. काका माझ्याकडे आले. "बाबू, तू इंजिनिअर आहेस ना? नऊ व्होल्टची बॅटरी लागते फक्त. बनवून दे ना मंग."

काकांना मी नाही म्हणालो, आणि 'डॉक्टरला विचारा' म्हणून हात झटकले नाहीत, कारण त्यांनी ते ऐकलं नसतं. बसून कागदावर काढून दाखवलं. प्रयोगात जो प्रवाह देतात तो एक मिलिॲम्पिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. आणि तो धरून ठेवायला सर्किट लागतं, कारण घाम आला की कातडीचा विरोध उतरतो आणि तीच बॅटरी जास्त प्रवाह ढकलते. मग कातडी भाजते. दुसरं, सरळ एकाच दिशेचा प्रवाह दिला तर उभा माणूस धन टोकाच्या बाजूला झुकतो. हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे, यात संशय नाही. म्हणजे ज्या माणसाचा तोल आधीच कच्चा, त्याला आपण हाताने एका बाजूला ढकलणार. पेसमेकर असेल तर विषयच सोडा. आणि तिसरं मी काकांना थोडं हळू सांगितलं. समजा आबा म्हणाले बरं वाटतं, तर ते बॅटरीने की तुम्ही बनवून दिली म्हणून, हे आपल्याला कळणार कसं? आणि त्या भरवशावर कोणी गोळी कमी केली तर?

काका गप्प बसले. मग म्हणाले, "तर काहीच नाही करायचं काय?" तसं नाही. करण्यासारखं आहे, आणि तेही मराठी मुलखातच सापडलं.

पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स. सपाट फरशीवर काकांचे पाय अडायचे, वॉकर लागायचा, पण जिना मात्र ते सरसर उतरायचे! का? पायरी दिसली की डोळा मेंदूला सांगतो, इथे पाऊल टाक. आतून येणारा हुकूम मंदावला तरी बाहेरून आलेला हुकूम चालतो. म्हणून त्यांनी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र काढलं, आणि काका त्यावरून चालले. २०१५ च्या टेडेक्स डेल्फ्टमधलं त्यांचं भाषण बघा, छोटं आहे. पुण्यातच नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या लोकांना नाच शिकवतात, ही कल्पना मूळ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली, २००१ ची. नाचात मान वळते, वजन या पायावरून त्या पायावर जातं, ताल कानाला मिळतो. कानाचं ते जुनं मशीन बॅटरीशिवाय कामाला लागतं. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स सोसायटी रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. ऑनलाइन सुद्धा. म्हणजे इटियाडोहला रेंज असेल त्या दिवशी आम्हीसुद्धा.

आमच्या घरात खोलीपासून बाथरूमपर्यंत पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्यात, एका पावलाच्या अंतराने. खर्च एक रोल. दाराच्या उंबऱ्यापाशी अजून अडतात आबा, तिथे पट्टी थोडी जवळ घ्यावी लागेल असं वाटतं. बाजाराची काळीपिवळी चालू आहे, मागच्या सीटवर नाही, पुढे ड्रायव्हरशेजारी, कारण मागून उतरताना पडायची भीती. ती धक्क्याने काम करते की चहाने, हे शोधायचा माझा विचार नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये आपल्या जंगलातला एक वेल. खाजकुहिली, जिची शेंग अंगाला लागली की माणूस नाचतो. तिच्या बियांमधून मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच लेवोडोपा वेगळं काढलं होतं, म्हणजे व्हिएन्नाच्या त्या इंजेक्शनच्या चोवीस वर्षं आधी. ती शेंग घरी भाजून खायची की नाही, यावर काकांचा प्रश्न आधीच आलेला आहे.